कुंची म्हणजे नेमके काय, आणि मुंबईत ती कधी घालावी

प्रश्न असा आला आहे: “जानेवारीत आमच्याकडे बाळ येणार आहे. नाशिकहून सासूबाईंनी पाठवलेल्या यादीत झबली, टोपडी, दुपटी यांच्यासोबत ‘कुंच्या दोन, एक साधी, एक खणाची’ असे लिहिले आहे. दादरला एका दुकानात कुंची म्हणून टोपडे दाखवले, दुसऱ्या दुकानात टोपी जोडलेला टॉवेल दाखवला. कुंची म्हणजे नेमके काय? मुंबईच्या हवेत ती खरोखर लागते का, आणि लागत असेल तर कधी घालायची?” तान्ह्या मुलांचे कपडे आणि बाळंतविडे शिवण्याचे काम मी दादरमध्येच अनेक वर्षे करत आहे. त्यामुळे शब्दाचा अर्थ आणि वस्तूचा उपयोग या दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते.

तुम्हाला दाखवलेल्या दोन्ही वस्तू कुंची नव्हेत. तान्ह्या बाळाचे डोके, कान, मान आणि पाठ एकाच कापडाने झाकणारे, हनुवटीखाली बांधायचे आणि पुढून मोकळे असणारे वस्त्र म्हणजे कुंची. तिला बाह्या नसतात. वरचा भाग डोक्यावर बसतो, गळ्याशी चुण्या घालून तो आवळलेला असतो, आणि तिथून खाली कापड पाठीवरून कमरेपर्यंत, कधी पावलांपर्यंत मोकळे उतरते. टोपडे फक्त डोके आणि कान झाकते आणि मानेशी संपते. टोपी जोडलेला टॉवेल हा आंघोळीनंतर बाळाला टिपण्यासाठी असतो. त्याला गळ्याशी आवळण्याची सोय नसते, म्हणून बाळाने मान हलवली की तो सरकतो.

आकार नीट लक्षात यावा म्हणून एक ओळखीची गोष्ट सांगते. कोकणात पावसात शेतावर जाणारी माणसे गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात सारून त्याची खोळ करतात आणि ती डोक्यावरून पाठीवर घेतात. साध्या कुंचीची रचना अगदी तीच आहे. आयताकृती कापड उभे मधोमध दुमडायचे, वरच्या दोन कडा एकमेकींना शिवायच्या, की दुमडीच्या बाजूला मागे एक टोक तयार होते आणि पुढची बाजू चेहऱ्यासाठी उघडी राहते. मागच्या टोकाला बहुतेक घरांत गोंडा लावतात. ज्यांना टोक नको असते त्यांना मी तिथे गोल शिवण घालून देते. बाकी काम गळ्याच्या चुण्यांचे आणि चेहऱ्याभोवतीच्या गोटाचे. कापडाची बचत करणारी, जवळजवळ कातर न लावता होणारी ही शिवण आहे, आणि म्हणूनच आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून घरोघरी कुंच्या होत असत.

आता पुढून उघडी, पाठीमागे झाकलेली अशी रचना का, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण कुंची कधी घालायची याचे उत्तर त्यातच आहे. आपण तान्ह्या बाळाला बाहेर नेताना खांद्याशी उभे धरतो किंवा कुशीत घेतो. त्याची छाती आणि पोट आपल्या अंगाला लागलेले असते आणि तिथे त्याला आपली ऊब मिळते. उघडे राहते ते डोके, मानेचा मागचा भाग आणि पाठ, आणि वारा लागतो तो नेमका तिथेच. कुंची तेवढाच भाग झाकते. ती कडेवरच्या, खांद्यावरच्या बाळाचे वस्त्र आहे. पाळण्यात उताणे निजलेल्या बाळाला तिचा काही उपयोग नाही. उलट पाठीखाली कापडाचा बोळा होतो आणि टोपीचा भाग सरकून तोंडावर येतो.

यादीतल्या बाकीच्या शब्दांचीही अशीच कामाप्रमाणे विभागणी आहे. झबले म्हणजे मागे बंद बांधायचे, सैल, आखूड वस्त्र. मुंबईत पारशी घरांतही झबले आणि टोपी हा लहान मुलांच्या वेशाचा भाग आहे आणि गुजरातीत झभलुं म्हणतात, त्यामुळे भुलेश्वरच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटच्या बाजूला हा शब्द वापरलात तर कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. अंगडे हा जुना शब्द आहे आणि तो आता बहुधा ‘अंगडे-टोपडे’ या जोडीतच ऐकू येतो. दुपटे म्हणजे बाळाला गुंडाळायचे दुहेरी कापड. बाळोते म्हणजे जुन्या मऊ सुती कापडाचा तुकडा, आणि लाळेरे म्हणजे गळ्याखाली लाळ टिपण्यासाठी बांधायचा तुकडा. कानटोपी आणि स्वेटर ही नंतर आलेली, लोकरीची मंडळी. या सर्वांत बाहेर जाताना वरून घालायचे वस्त्र कुंची एवढे एकच आहे. म्हणून अंगात झबले, डोक्याला पातळ टोपडे आणि त्यावर कुंची असा क्रम लावला जातो.

शब्दाच्या वापराविषयी थोडे लिहिते. कुंची हा स्त्रीलिंगी शब्द आहे, अनेकवचन कुंच्या. कुंची घालतात आणि कुंची बांधतातही. दोन्ही प्रयोग योग्य आहेत, पण जुन्या बायकांच्या तोंडी ‘बांधली’ जास्त ऐकू येते, कारण गळ्याशी गाठ मारली की मगच ती नीट बसते. मोरपिसांचा कुंचा आणि रंगाचा कुंचला हे शब्द उच्चाराने जवळचे असले तरी वस्तू अगदी निराळ्या आहेत. कन्नडमध्ये कुंचिगे असा जवळचा शब्द आहे आणि लहान मुलाच्या टोपीला तिथे कुलावी म्हणतात. मूल जन्मण्याआधीच कुलावी शिवली, अशा अर्थाची एक प्रसिद्ध कन्नड म्हण आहे. आपल्याकडच्या ‘बाजारात तुरी’च्या जवळ जाणारी. ही म्हण मला महत्त्वाची वाटते, कारण बाळ येण्याआधी त्याचे नवे कपडे शिवू नयेत हा संकेत आपल्याही अनेक घरांत आहे. तुमच्या घरी तो पाळत असतील तर कापड आणून, धुऊन ठेवा आणि शिवण नंतर करा. साधी कुंची अर्ध्या दिवसात होते. पहिल्या दिवसांत बाळाला कोणाचे तरी वापरलेले, धुऊन मऊ झालेले कपडे घालण्याची रीत आहे, आणि नव्या कापडाची खळ व कच्चा रंग नाजूक त्वचेला लागू नये या दृष्टीने ती रीत शहाणपणाची आहे.

सासूबाईंनी एक साधी आणि एक खणाची असे का लिहिले, तेही यावरून समजेल. साधी कुंची रोजच्या वापराची आणि खणाची कुंची बारशाची. खण म्हणजे चोळीचे कापड. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथला खण महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या वापरला जातो. कुंची कोणी आणायची, आत्याने की आजोळच्या माणसांनी, याबाबत घराघरांत रीत वेगळी आहे. त्यामुळे खरेदी करण्याआधी दोन्हीकडे विचारून घ्यावे, म्हणजे एकाच बारशाला चार कुंच्या जमत नाहीत. अलीकडे पैठणीच्या काठाच्या, मोत्यांच्या लडी लावलेल्या कुंच्या दुकानांत मिळतात. त्या दिसायला सुरेख असतात, परंतु कुंची शिवणारी म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की सुट्या मण्यांना, टिकल्यांना आणि काचेला बाळाच्या कपड्यावर जागा असू नये. बाळाच्या हाताला जे लागते ते तोंडात जाते, आणि दोऱ्यात ओवलेला मणी एका ओढीने सुटतो. शोभा हवीच असेल तर ती टाक्यांनी आणा. चेहऱ्याभोवती साखळी टाक्याची एक ओळ, पाठीवर गव्हाच्या टाक्याच्या कुयऱ्या, एवढ्याने कुंची देखणी होते आणि बाळाला काही टोचत नाही.

खणाला किंवा जरीच्या कापडाला आतून सुती अस्तर लावणे मी अत्यावश्यक मानते. जरीचा उलट बाजूचा दोरा खरखरीत असतो आणि बाळाच्या गालावर, कानामागे घासून लाल चट्टे उठतात. अस्तरासाठी मलमल किंवा जुने, धुतलेले सुती धोतर उत्तम. अस्तर कापडापेक्षा पाव इंच मोठे ठेवून ते चेहऱ्याच्या कडेवर बाहेर दुमडायचे आणि त्याचाच गोट करायचा. म्हणजे कातडीला जरीची कड कुठेच लागत नाही. शिवणी आतल्या बाजूला उघड्या राहू देऊ नयेत. कुंची शिवून झाल्यावर मी ती उलटी करून स्वतःच्या गालावरून फिरवते. जिथे बोचते तिथे बाळालाही बोचणार.

मुंबईत कुंची लागते का, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. सांताक्रूझ वेधशाळेतील आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून त्याची नोंद २२ जानेवारी १९६२ रोजी झाली. पण तो अपवाद. एरवी जानेवारीत सांताक्रूझला पहाटेचे सरासरी किमान तापमान साधारण १७ अंश आणि समुद्राला लागून असलेल्या कुलाब्याला त्याहून दोनेक अंश अधिक असते. मोठ्या माणसाला ही हवा सुखद वाटते. बाळाचे गणित मात्र निराळे असते. तान्ह्या बाळाच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागाचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या डोक्याचा असतो, तर मोठ्या माणसात तो दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. त्यातच नवजात बाळ आपल्यासारखे कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही. म्हणून उघड्या, ओलसर डोक्यावाटे त्याच्या अंगातली ऊब फार लवकर निघून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात जन्मानंतरची पहिली आंघोळ २४ तासांपर्यंत लांबवावी, बाळाला मोठ्या माणसापेक्षा एक-दोन थर अधिक घालावेत आणि डोक्याला टोपी घालावी असे सांगितले आहे, त्यामागे हेच कारण आहे. टाळूला तेल भरून वर टोपडे बांधणाऱ्या आपल्या आज्यांना आकडे ठाऊक नव्हते, पण डोके झाकण्याची त्यांची घाई योग्य होती.

तेव्हा मुंबईतील घरात, पंखा मंद असताना, दिवसा कुंचीची गरज नाही. ती लागते ती डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर लस देण्यासाठी दवाखान्यात नेताना, संध्याकाळी चौपाटीच्या किंवा खाडीच्या वाऱ्यात बाहेर पडताना, पावसाळी गारव्यात, रिक्षाच्या उघड्या बाजूंनी झोत येत असताना, आणि वातानुकूलित जागेत. ही शेवटची गोष्ट आता सर्वांत मोठी आहे. घामेजलेले बाळ रस्त्यावरून थेट मॉलमध्ये किंवा दवाखान्याच्या थंडगार प्रतीक्षागृहात जाते आणि थंड हवेचा झोत वरून सरळ डोक्यावर येतो. तिथे मलमलीची पातळ कुंची फार उपयोगी पडते, कारण आत शिरताना ती एका हाताने चढवता येते आणि बाहेर पडताना तितक्याच सहज काढता येते. झोपलेल्या बाळाच्या बाह्या ओढाव्या लागत नाहीत. बाळाला घेऊन तुम्ही नाशिकला जाणार असाल तर मात्र जाड कुंची हवी. कसारा घाट चढून इगतपुरी आली की हवा बदलते आणि निफाडकडे थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. सासूबाईंच्या यादीतली कुंची त्या हवेच्या अनुभवातून आलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ती जुनाट हौस वाटणार नाही.

जितक्या आग्रहाने मी कुंची घाला म्हणते, तितक्याच आग्रहाने ती केव्हा काढावी हेही सांगते. घरात आल्यावर आणि बाळाला निजवण्याआधी कुंची काढलीच पाहिजे. झोपेत डोके आणि चेहऱ्याचा भाग झाकणारे सैल कापड श्वासाला अडथळा करू शकते, आणि अंग प्रमाणाबाहेर तापणे हेही तान्ह्या बाळाच्या झोपेत धोक्याचे मानले जाते. बाळाला ऊब पुरेशी आहे की जास्त झाली हे हातापायांच्या गारपणावरून ठरवू नका. ते तान्ह्या बाळाचे एरवीही गार लागतात. मानेच्या मागे, कुंचीच्या आत बोटे घालून पाहा. तिथे घाम किंवा चिकटपणा लागला तर लगेच एक थर कमी करा. मुंबईच्या दमट हवेत मार्चनंतर कुंची घातलेल्या बाळाच्या मानेवर घामोळे उठलेले मी वारंवार पाहते, आणि हौसेपायी बारशाच्या दिवशी दोन-दोन तास खणाची कुंची अंगावर ठेवली जाते. नाव ठेवून झाले, फोटो झाला, की कुंची घडी करून ठेवावी.

नाडीचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगायला हवा. जुन्या कुंच्यांना हनुवटीखाली बांधायला हात-हातभर लांब नाड्या असत आणि टोकांना गोंडे. अशी नाडी पाळण्याच्या कडीत किंवा गाडीच्या पट्ट्यात अडकली तर फास बसू शकतो. युरोपमध्ये ई.एन. १४६८२ या मानकानुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना टोपीच्या आणि गळ्याच्या भागात नाडी किंवा दोरी लावता येत नाही, आणि अमेरिकेतही १९९० च्या दशकात टोपीच्या नाड्यांबाबत सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे आली. आपण परंपरेची वस्तू शिवतो म्हणून हा विचार दूर ठेवण्याचे काही कारण नाही. मी आता गळ्याशी चुण्या पक्क्या शिवून टाकते आणि पुढे हनुवटीच्या थोडे बाजूला रुंद कापडी पट्टी घेऊन तिला वेलक्रो लावते. ओढ बसली की ते आपोआप सुटते, हाच त्याचा फायदा. टिचबटण लावायचे असल्यास ते दुहेरी कापडावर, घट्ट टाक्यांनी आणि बाळाच्या कातडीला न लागेल अशा बाजूला लावावे. बांधायचीच हौस असेल तर बंद बोटभर रुंद आणि एका गाठीपुरतेच लांब ठेवावेत.

घरात जुनी, आजीची किंवा नवऱ्याच्या लहानपणीची कुंची जपून ठेवलेली असेल आणि ती बाळाला घालायची असेल, तर हा परिच्छेद कृपया दोनदा वाचा. अशी कुंची बहुधा ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेली असते. या गोळ्यांतील नॅफ्थॅलीनची वाफ कपड्यात मुरते, आणि ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यामुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता आहे की नाही हे बाळाकडे पाहून कळत नाही. भारतात ती अनेक समाजांत आढळते आणि पारशी समाजात तिचे प्रमाण लक्षणीय आहे. म्हणून जुनी कुंची आधीच बाहेर काढून, धुऊन, उन्हात आणि वाऱ्यात कित्येक दिवस ठेवावी. वास जराही येत असेल तर ती बाळाला घालू नये, फक्त पाळण्यापासून दूर शोभेला ठेवावी. जरीमुळे धुणे शक्य नसेल तर तीही शोभेचीच समजावी. पुढे जपून ठेवताना डांबरगोळ्यांऐवजी वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवावेत, आणि पावसाळा संपला की कपडा एकदा उन्हात उलगडावा.

आता तुमच्या यादीपुरते. रोजच्या वापरासाठी एकाऐवजी दोन कुंच्या घ्या, एक मलमलीची आणि एक फलालीनची. एक धुतली तर दुसरी हाताशी राहते. फलालीन सुती आहे ना हे दुकानदाराला विचारून घ्या, कारण त्या नावाखाली कृत्रिम धाग्याचे गुबगुबीत कापडही विकले जाते आणि त्यात घाम कोंडतो. लोकरीची कुंची थेट कातडीला लागू देऊ नका; आत सुती टोपडे असावे. शिवून घेणार असाल तर नवजात बाळासाठी सुमारे २० इंच रुंद आणि २४ इंच लांब कापड पुरते, म्हणजे दादरच्या हिंदमाता कापडबाजारात पाऊण मीटर घेतले की मोठ्या पन्ह्यात दोन कुंच्या आणि एखादे टोपडे निघते. गळ्याची चुणी वरच्या शिवणीपासून सुमारे साडेसात इंचांवर घ्यायला सांगा आणि तिथे आत अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीतले जास्तीचे कापड, सोडायला सांगा. बाळाचे डोके पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने वाढते आणि माया उसवली की तीच कुंची पुढच्या थंडीपर्यंत पुरते. मूल चालू लागले की मात्र पाठीवरचे मोकळे कापड पायांत येते, तेव्हा कुंची बाजूला ठेवून कानटोपी आणि स्वेटर सुरू करावेत.